हायड्रॉलिक डिस्क ब्रेक चिकटतोय? तेल बदलण्याआधी पिस्टन पुसा

जुलैतल्या एका रविवारी मुंबईतल्या आरे कॉलनीतून भिजून घरी आले, सायकल धुतली, मागचं चाक उचलून हाताने फिरवलं आणि ते दीड फेऱ्यात थांबलं. सोबत बारीक खर्र असा आवाज. दोन आठवडे पेडल जड लागत होतं, पण मी दोष ओल्या रस्त्याला देत होते. खरं तर त्याच महिन्यात दुकानात ब्रेक ब्लीड करून घेतला होता, म्हणजे आतली हवा काढून नवं तेल भरून घेतलं होतं. आठवडाभर बरा चालला आणि मग पुन्हा तेच. शेवटी मीच ब्रेकचे पॅड काढले आणि टॉर्च मारला. तेल अगदी स्वच्छ होतं. पॅड दाबणाऱ्या पिस्टनच्या कडेला मात्र तांबूस-काळा लेप गोल बसला होता: आरेची माती, पॅडची भुकटी आणि पावसाचं पाणी मिळून झालेला, वाळलेल्या शेणकुटासारखा घट्ट. तो पुसायला पाऊण तास लागला आणि पुढचा सगळा पावसाळा ब्रेक नीट चालला.

त्यानंतर गोरेगावातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बऱ्याच सायकलींचे ब्रेक हाताखालून गेले. खालच्या मजल्यावरचा कॉलेजला जाणारा मुलगा येतो, "ताई, ब्रेक सोडतच नाहीये, ब्लीड करून देशील?" माझं उत्तर ठरलेलं असतं, "आधी पॅड काढ, मग बघू." मुंबईत चिकटणारा ब्रेक बहुतेक वेळा तेलामुळे चिकटत नाही, मळामुळे चिकटतो. ब्लीडिंग शेवटी येतं, आणि अनेकदा त्याची वेळ येतच नाही.

पिस्टन मागे कोण नेतं?

हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. हँडलवरचा लिव्हर दाबला की त्याच्या आतल्या नळकांड्यातलं, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं तेल पाइपातून चाकापाशी बसवलेल्या कॅलिपरमध्ये ढकललं जातं, तिथले पिस्टन पुढे येतात आणि पॅड रोटरला, म्हणजे चाकावरच्या चकतीला चिमटीत धरतात. लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे जायला तिथे स्प्रिंग नसते. पॅडच्या मधली पातळ पत्र्याची स्प्रिंग पॅड एकमेकांपासून दूर ठेवते, पण पिस्टनला आत ढकलण्याएवढा जोर तिच्यात नाही.

ते काम रबरी सील करतं. प्रत्येक पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रिंग घट्ट बसलेली असते. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ती त्याला धरूनच थोडी पिळली जाते. दाब सुटला की रबर आपल्या जागी परत येतं आणि येताना पिस्टनलाही मागे ओढतं. किती? मिलिमीटरच्या काही दशांशाइतकंच. पॅड आणि रोटर यांच्यातली फट एवढ्याशा हालचालीवर टिकून असते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून किंचित घसरून पुढे येतो आणि तिथे नव्याने पकड घेतो, म्हणून या ब्रेकला केबलसारखं वरचेवर ताणावं लागत नाही.

आता पिस्टनच्या बाजूवर मळ बसला किंवा सील कोरडं पडलं, तर रबर पिळलं जाण्याऐवजी पिस्टन नुसता घसरतो. पुढे जातो, मागे येत नाही. त्यातही एक पिस्टन मोकळा आणि दुसरा अडलेला असेल तर मोकळा बिचारा दोघांचं काम करतो, रोटर एका बाजूला वाकवतो, पॅड तिरके झिजतात. ही गोष्ट तेल बदलून सुटणार नाही.

दोष नेमका कुठे आहे?

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघण्यात घालवा.

पहिलं चाक. सायकल दोन्ही चाकांवर उभी असताना चाक धरून ठेवणारा दांडा, म्हणजे क्विक रिलीज किंवा थ्रू ॲक्सल, सैल करा, सायकलचं वजन चाकावर येऊ द्या आणि पुन्हा आवळा. येऊरला जाताना गाडीच्या डिकीत सायकल टाकायला चाकं काढली, घाईत बसवली, ॲक्सल जरासा तिरका राहिला, एवढ्यानेही रोटर घासतो.

मग चाक अधांतरी करून फिरवा आणि ऐका. स्टँड नसेल तर खिडकीच्या ग्रीलला दोरी बांधून सीट टांगा. सायकल उलटी करून काम करू नका. लिव्हरमधल्या तेलाच्या टाकीतली हवा कॅलिपरकडे जाते आणि नसलेला दोष तयार होतो. दर फेऱ्यात एकदाच 'खस्' होत असेल तर रोटर वाकडा आहे. सतत घासत असेल तर कॅलिपर सरकलेला असेल किंवा पिस्टन अडलेला.

आता कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरा, टॉर्च मारा आणि वरून फटीत डोकवा. रोटरच्या दोन्ही बाजूंना कागदाची पांढरी रेघ दिसायला हवी. दुसऱ्या हाताने लिव्हर हळू दाबा, सोडा. दोन्ही पॅड सारखे पुढे येऊन सारखे मागे जातात, की एकच हलतो? एकच हलत असेल किंवा दोन्ही मागेच जात नसतील, तर बहुधा उत्तर मिळालं.

लिव्हरकडेही लक्ष द्या. सोडल्यावर तो टक्कन परत यायला हवा. रेंगाळत येत असेल तर दोष हँडलपाशी असू शकतो.

एवढ्यावर शंका उरलीच तर एक चाचणी आहे. चाक घासत असताना लिव्हरवरचा ब्लीड स्क्रू (टाकीचं भोक बंद करणारा) क्षणभर सैल करा. लिव्हर आधी आडवा, जमिनीला समांतर करून घ्या आणि खाली फडकं धरा. दोन थेंब बाहेर आले आणि चाक मोकळं झालं, तर तेल जास्त भरलंय. तिथे काहीच फरक पडला नाही, पण कॅलिपरच्या निपलला (तेल काढायच्या तोटीला) नळी लावून तो जरासा उघडताच चाक सुटलं, तर दाब पाइपात अडकला होता, म्हणजे लिव्हरमधून तेलाला परतीची वाट मिळत नाहीये. दोन्ही उघडूनही चाक घासतंच, तर पिस्टन जागेवर अडलाय. निपल उघडल्यावर हवा शिरण्याची शक्यता असते, म्हणून ही चाचणी गरज असेल तरच करा.

सामान

४ आणि ५ मिमीच्या ॲलन की, टी-२५ टॉर्क्स, पक्कड, प्लास्टिकचा टायर लिव्हर, जुना टूथब्रश, इअरबड, धुतलेलं सुती फडकं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, एक साधी लाकडी पेन्सिल आणि परकराची जुनी सुती नाडी. शेवटच्या दोन वस्तू कशाला ते पुढे कळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं, लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बाटलीने मिळतं. सॅनिटायझरची जेल याला पर्याय नाही, ती थर सोडते.

आणि तुमच्या ब्रेकचं तेल, थोडंसं. यात चूक झाली तर ब्रेक कायमचा जातो, म्हणून इथे थोडं थांबते. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. हेज, होप आणि स्रॅमचे बहुतेक जुने ब्रेक डॉट फ्लुइडवर. स्रॅमचे अलीकडचे काही, उदाहरणार्थ डीबी-८ आणि मेवन, मिनरल ऑइलचे आहेत, त्यामुळे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. टाकीच्या झाकणावर किंवा लिव्हरवर लिहिलेलं असतं, तेच खरं. जुन्या सायकलीवर अक्षरं पुसली गेली असतील तर ब्लीड स्क्रूपाशी आलेला एक थेंब वाटीभर पाण्यात टाका. मिनरल ऑइल वर तरंगतं, डॉट पाण्यात मिसळून जातं.

दोन्हींचे रबर वेगवेगळे. नाक्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट ४ ची बाटली सहज मिळते आणि दुकानदार चांगल्या मनाने म्हणतो, "ब्रेकचंच आहे, टाका." मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ते गेलं तर सील फुगतात, पिस्टन घट्ट होतात आणि मग लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत सगळं बदलावं लागतं. उलटही तसंच. डॉटवाल्यांनी डॉट ५ सुद्धा टाळावं. नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं, ४ आणि ५.१ यांच्यापेक्षा निराळं. डॉट त्वचेला आणि रंगाला लागलं तर लगेच पाण्याने धुवा, हातमोजे घाला.

पॅड काढताना

चाक काढा. या क्षणापासून लिव्हरला कुणाचा हात लागता कामा नये. मध्ये रोटर नसताना लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. आपल्याकडे लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून नेताना, टॅक्सीच्या डिकीत कोंबताना हे फार होतं. चाक काढून प्रवास असेल तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवा.

पॅड ज्या पिनेवर अडकलेले असतात तिच्या टोकाची बारीक क्लिप आधी काढा, ती उडून हरवते. काही कॅलिपरमध्ये पिनेला ॲलनचा स्क्रू असतो, काहींत वाकवलेल्या दोन पायांची पिन. तिचे पाय पकडीने सरळ करून ओढून काढायचे. मढ, अक्सा, गोराई या बाजूला नेहमी फिरणाऱ्या सायकलींवर ही पिन गंजून बसते. खाऱ्या हवेत एक पावसाळा पुरतो. अशा वेळी स्क्रूच्या खाचेतली माती टूथपिकने पूर्ण उकरा, ॲलन की तळापर्यंत बसवा, मागून हलकी टपली मारा आणि मगच सावकाश फिरवा. की अर्धीच बसली असताना जोर लावला की खाच गोल होते, मग त्या पिनेला काढायला ड्रिल लागतं. गंज सोडवायचा स्प्रे इथे मारू नका. तो पॅडवर गेला तर पॅड फेकायचे, सीलवर गेला तर त्याहून मोठं नुकसान.

पॅड बाहेर आल्यावर डावा-उजवा लक्षात ठेवा आणि झीज बघा. शिमानो पॅडचं अस्तर ०.५ मिमीपर्यंत खाली आलं की ते बदलायला सांगते. एक पॅड वरून जाड, खालून पातळ असेल तर कॅलिपर तिरका होता किंवा एक पिस्टन अडला होता. अस्तर काळं, चकचकीत आणि तेलकट असेल तर ते घासून-भाजून वाचवण्यात वेळ घालवू नका, नवे आणा. पावसात मेटॅलिक पॅड जास्त टिकतात, पण आधी रोटरवर बघा. तिथे फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असेल तर मेटॅलिक पॅड तो रोटर लवकर खाऊन टाकतात.

पिस्टन: इथे घाई नको

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि पहिली चूक म्हणजे मळलेला पिस्टन तसाच आत ढकलणं. नवे पॅड बसत नाहीत म्हणून बरेच जण स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन आत दाबतात. बाहेर जमलेला मळ त्यामुळे सीलखाली जातो आणि महिनाभरात ब्रेक पुन्हा धरतो. शिवाय अनेक कॅलिपरमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात. लोखंडी टोक लागलं की कडेचा कपचा उडतो. सिरॅमिकला लोखंड लावायचंच नाही, प्लास्टिक किंवा लाकूड लावा.

म्हणून आधी धुवा. पॅड काढलेल्या फटीत कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाकून टूथब्रशने आतली बाजू घासा, साध्या पाण्याने धुवा, फडक्याने टिपा. पाण्याचा जोर नको.

आता दोन पिस्टनच्या मध्ये पेन्सिल आडवी ठेवा. साधी लाकडी पेन्सिल सुमारे ७ मिमी जाड असते. पिस्टन नको तितके बाहेर येऊ लागले तर तीच त्यांना अडवेल आणि लाकूड असल्यामुळे त्यांना ओरखडाही येणार नाही. ही खबरदारी सोडू नका. पिस्टन सीलमधून निसटला तर सगळं तेल फरशीवर येतं आणि काम पाचपट वाढतं. लिव्हर हळू, अर्धाच दाबा. कोणता पिस्टन पुढे येतो ते बघा. बहुतेक वेळा एक सरसर येतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

पेन्सिल काढा. हलणाऱ्या पिस्टनवर टायर लिव्हरचं चपटं टोक धरून त्याला दाबून ठेवा आणि ब्रेक लिव्हर पुन्हा हळूहळू दाबा. आता तेलाचा दाब अडलेल्या पिस्टनवरच जातो. तो आधी काही करत नाही, मग अगदी बारीक सुटल्यासारखा हलतो. बोटाला ते कळतं. दोनेक मिलिमीटर बाहेर आला की थांबा आणि त्याची बाजू बघा. गुळगुळीत चमकणाऱ्या पट्ट्याच्या पुढे एक काळी रिंग दिसेल. पिस्टनला मागे येऊ न देणारी ती हीच.

इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून गोल फिरवत ती पुसा. पहिले चार-पाच इअरबड काळे होतील. पिस्टनच्या वरच्या, खोबणीतल्या बाजूला इअरबड पोचत नाही, तिथे नाडी उपयोगी पडते. ती अल्कोहोलने ओली करून पिस्टनला अर्धा वेढा घाला आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा, बुटाला पॉलिश करतात तशी. सॅन्डपेपर, तारेचा घासणा, चाकूचं टोक यांपैकी काहीही वापरायचं नाही. एक चरा पडला की तेल तिथून झिरपत राहतं.

पूर्ण स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या कोरड्या इअरबडला तुमच्या ब्रेकचंच तेल एक थेंब लावून पिस्टनच्या कडेने सगळीकडे फिरवा. मिनरल ऑइलवाल्या ब्रेकला मिनरल ऑइल, डॉटवाल्याला डॉट. खोबरेल, चेनचं तेल, शिलाई मशीनचं तेल, सगळ्या रोगांवर मारला जाणारा तो स्प्रे, यांतलं काही नाही. मग टायर लिव्हरने पिस्टन सरळ, न तिरपता आत ढकला, पुन्हा बाहेर आणा, पुन्हा तेल, पुन्हा आत. असं चार-पाच वेळा. प्रत्येक फेरीत तो हलका होत जातो.

मग बाजू बदला. आधी मोकळा असलेला पिस्टनही पुसायचाच, नाहीतर दोघांत पुन्हा फरक राहतो. चार पिस्टनचा कॅलिपर असेल तर तीन धरून एकाला बाहेर आणायचं. दोन टायर लिव्हर आणि एक मदतनीस घ्या. एखादा पिस्टन तरीही हट्टाने बसला असेल तर कडेला तेलाचा थेंब सोडून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बऱ्याचदा ऐकतो.

शेवटी पेन्सिल पुन्हा मध्ये ठेवून दोघांना एकत्र चालवा. सारख्या वेगाने आले आणि सोडल्यावर सारखे मागे गेले की काम झालं. जास्तीचं तेल अल्कोहोलने पुसून काढा, पॅडला त्याचा वासही लागू देऊ नका. पिन परत लावताना फक्त आट्यांना मोहरीच्या दाण्याहून कमी ग्रीस लावलं तर पुढच्या वर्षी ती गंजून बसणार नाही. क्लिप विसरू नका.

तेल जास्त झालं असेल तर

पॅड झिजलेले असताना कुणीतरी टाकी काठोकाठ भरून देतं. त्या वेळी पिस्टन बाहेर असल्यामुळे कॅलिपरमध्ये तेलाला जागा असते. पुढे नवे पॅड येतात, पिस्टन आत जातात आणि तेवढं तेल मावायला टाकीत जागाच उरत नाही. मे महिन्यात उन्हात लावलेली सायकल तापली की तेल आणखी फुगतं आणि चाक जाम. सकाळी ठीक आणि दुपारी जाम, अशी तक्रार असेल तर हा संशय घ्या.

लिव्हर जमिनीला समांतर करा, खाली फडकं गुंडाळा, ब्लीड स्क्रू काढा. पॅड नसताना स्वच्छ पिस्टन टायर लिव्हरने पूर्ण आत ढकला. जास्तीचं तेल स्क्रूच्या भोकातून वर येईल, ते टिपा. स्क्रू लावा. ब्लीड करताना पिस्टन पूर्ण आत आणि मध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन आत धरून ठेवणारा ठोकळा), हा नियम पाळला तर हा प्रकार होत नाही.

लिव्हर रेंगाळत असेल तर

आधी लिव्हर गिअरच्या क्लॅम्पला किंवा ग्रिपला अडतोय का ते बघा. मग खिळीपाशी अडकलेली माती धुवा, वाळवा, तिथे हलक्या तेलाचा एक थेंब लावून पुसून घ्या. आतला पिस्टनच अडत असेल तर मात्र बाहेरून करण्यासारखं काही नाही. काही जुन्या लिव्हरमधले प्लास्टिकचे पिस्टन उष्णतेने फुगतात आणि उन्हात अडतात. तिथे दुरुस्ती किट किंवा नवा लिव्हर.

कॅलिपर आणि रोटर

चाक बसवा. कॅलिपरचे दोन माउंटिंग बोल्ट इतकेच सैल करा की तो आडवा सरकेल. लिव्हर घट्ट दाबून रबरबँडने ग्रिपला बांधा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळा. शिमानोचा आकडा ६ ते ८ न्यूटन मीटर आहे. टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीच्या लांब दांड्याला घट्ट मनगटाचा जोर, पायाचा नाही. हीच पद्धत लोक आधी करून बघतात आणि फसतात, कारण एक पिस्टन अडलेला असेल तर कॅलिपर त्या वाकड्या अवस्थेतच पक्का होतो. पिस्टन साफ झाल्यावर ती बहुधा पहिल्याच खेपेला जमते. नाही जमली तर पांढरा कागद धरून नजरेने सरकवा.

रोटर जरासा वाकडा असेल तर तो जिथे घासतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि अल्कोहोलने पुसलेल्या ॲडजस्टेबल पान्याने, रोटर थंड असताना, अगदी थोडा उलट वाकवा. फिरवा, बघा, पुन्हा. चाक फिरत असताना बोट रोटरच्या जवळ नेऊ नका, त्याची भोकं बोट कापतात. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमीचा असतो, १.५ वर आला की बदलायचा.

ब्लीडिंग कधी?

लिव्हर स्पंजासारखा लागतो, दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक लागतो, किंवा तेल काळं पडलंय, तेव्हा. डॉट हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याची कमी नाही. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्याचा किमान १५५ वर येतो. म्हणून डॉट वर्षातून एकदा बदला. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये जमतं.

शिमानोचा क्रम असा: पॅड काढून ब्लीड ब्लॉक लावा, लिव्हर समांतर करून त्यावर फनेल बसवा, कॅलिपरच्या निपलला तेलाची सिरिंज जोडा. निपल जरासा उघडून तेल खालून वर ढकला, बुडबुडे थांबेपर्यंत. निपल बंद करा. मग सिरिंजच्या जागी नळी आणि पिशवी लावून निपल उघडा, फनेलमधलं तेल खाली वाहू द्या, पाइपाला टिचक्या मारत राहा. फनेल रिकामं होऊ देऊ नका, हवा परत शिरते. निपल बंद केल्यावर लिव्हर दाबून धरून निपल क्षणभर उघडून बंद करा, दोन-तीनदा. शेवटी लिव्हर हळू चालवून, त्याला वर-खाली कलता करून उरलेले बुडबुडे फनेलमध्ये आणा, आणि फनेल काढल्यावर तेल काठोकाठ असतानाच स्क्रू लावा. इतर कंपन्यांचे अडॅप्टर आणि क्रम वेगळे असतात, तिथे त्यांचंच मॅन्युअल समोर ठेवा. निघालेलं तेल गटारात ओतू नका. बाटलीत भरून स्कूटर गॅरेजमध्ये द्या, तिथे जुनं इंजिन ऑइल गोळा होतंच.

रस्त्यावर उतरण्याआधी

लिव्हर पूर्ण जोराने दहा सेकंद दाबून धरा. हळूहळू ग्रिपकडे सरकत असेल किंवा कॅलिपरखाली ओल दिसली तर सायकल चालवायची नाही. पिस्टनच्या कडेने तेल झिरपत असेल तर सील गेलं. होप, स्रॅम यांच्या कॅलिपरचे सील-पिस्टन सुटे मिळतात. शिमानो ते सुटे विकत नाही, अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो.

सगळं कोरडं असेल आणि पॅड नवे लावले असतील तर ते रस्त्यावर रुळवून घ्या. रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घ्या, चालण्याच्या वेगापर्यंत एकसारखा ब्रेक लावत या, पूर्ण थांबू नका, सोडा. असं वीस वेळा, एकेका ब्रेकला. आरेतला पहाटेचा रस्ता मला यासाठी बरा पडतो. परत आल्यावर, शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक न लावता, रोटरवर पाण्याचा थेंब टाका. बोट लावू नका. थेंब नुसता बसून राहिला तर ब्रेक सोडतोय. चुर्र झाला तर तो अजून धरतोय, पुन्हा कागद आणि टॉर्च घ्या.

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर त्याच दिवशी बादलीभर पाण्याने आणि मगाने कॅलिपर धुवा, गाड्या धुवायचा प्रेशर पाइप त्यावर मारू नका. गोराईच्या वाळूतून आलात तर त्याच संध्याकाळी धुवा, मीठ रात्रभर थांबत नाही. पिस्टनची पूर्ण सफाई मी दोनदा करते, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास. मेमध्ये काढलेल्या इअरबडवर राखाडी भुकटी असते, दसऱ्याला तांबडी माती.